गोंधळ बारा मिनिटांत कसा उरकणार?

प्रति,
मा. संपादक,

स.न.वि.वि.

मागच्या रविवारी शेजारच्या तालुक्यात लोकसंगीत महोत्सव होता. सकाळी साडेदहाला जाऊन बसलो तो रात्री दहाला दिवे मालवेपर्यंत उठलो नाही. मुलगा म्हणाला, एवढा वेळ काय करणार तिथे? लहानपणी आमच्या दारात देवीचा गोंधळ उभा राहिला की उजाडेपर्यंत कोणी आत जात नसे, त्यामुळे मला हा प्रश्नच कळला नाही.

सकाळचं सत्र झकास झालं. मांडवात फार तर साठ-सत्तर माणसं होती. आराधी बायकांनी जोगवा म्हटला, तेव्हा पुढच्या रांगेतल्या दोन आज्या आपण होऊन मागे म्हणू लागल्या. पण मी खरा रमलो मांडवामागच्या लिंबाखाली. तिथे चिपाडं पेटवून डफ तापवणं चाललं होतं. शाहीर बोटाने टिचकी मारायचा, कान लावायचा, पुन्हा जाळावर धरायचा. शेजारी गोंधळ्यांची पार्टी बसली होती. सत्तरीचे नाईक, म्हणजे पार्टीचे म्होरके, गळ्यात कवड्यांची माळ, आणि संबळावर पंधरा-सोळा वर्षांचा नातू. संबळाचं एक भांडं बारीक बोलतं, दुसरं घुमतं. नातवाचा हात बारीक भांड्यावरच जास्त पडत होता. नाईक म्हणाले, "आरं, घुमू दे की जरा. नुसतं तडतड करून देवी येती व्हय?" आम्ही सगळे हसलो, पोरगंही हसलं. आज काय लावणार म्हणून विचारलं, तर म्हणाले, "आख्यान. सहा वाजता नंबर हाय."

दुपारी पावणेदोनला जेवणाची सुट्टी झाली आणि मंच साडेचारपर्यंत रिकामा राहिला. कलावंत सतरंजीवर आडवे झाले. सहाला प्रमुख पाहुणे यायचे होते, ते साडेसातला आले. मग दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, फेटे, चार भाषणं. लोककला जगली पाहिजे, हे चौघांनीही सांगितलं. सत्कार किती झाले ते मी मोजले: सतरा. त्यात कलावंत दोन.

गोंधळ्यांना मंच मिळाला नऊ वीसला, आणि हातात चिठ्ठी: १२ मिनिटे.

ज्यांनी घरचा गोंधळ पाहिलाय त्यांना वेगळं सांगायला नको. चौक मांडायचा, कलश ठेवायचा, दिवटी पेटवायची. मग गण, मग एकेका देवाला नाव घेऊन हाक. तुळजापूरची भवानी गोंधळा ये, माहूरची रेणुका गोंधळा ये, जेजुरीचा खंडोबा, पंढरीचा विठोबा, गावचा मारुतीसुद्धा. हा झाला पूर्वरंग. आख्यान त्यानंतर, आणि नाईकाची खरी कसोटी तिथेच. साथीदार मधे मधे आडवे प्रश्न विचारतो, नाईक त्याला उडवून लावतो, लोक हसता हसता एकदम गप्प होतात. परवा देवांना हाका मारण्यातच नऊ मिनिटं गेली. नाईकांनी आख्यानाचा पहिला चरण उचलला आणि निवेदक हात जोडत शेजारी येऊन उभे राहिले. बोलावलेले देव मांडवात पोचायच्या आत आम्ही सतरंज्या गुंडाळायला घेतल्या! नाईकांनी नातवाला डोळ्यानेच खूण केली. पोराने संबळ थांबवला. घाईघाईत आरती झाली. शेवटच्या वाघ्या-मुरळीच्या पार्टीने तर नुसती दिमडी वाजवून दाखवली, जय मल्हार म्हटलं आणि खाली उतरली.

संयोजकांना विचारलं तर त्यांनी रात्री दहाच्या नियमाकडे बोट दाखवलं. नियम बरोबर आहे. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक लावू देत नाहीत, आणि ते पाळलेच पाहिजेत. पण दुपारचे पावणेतीन तास कोणत्या नियमाने गेले? संध्याकाळचा दीड तास?

मंचावर आणायचं म्हणजे काटछाट आलीच, हेही मला मान्य आहे. शाहीर साबळे यांच्या 'महाराष्ट्राची लोकधारा'ने वासुदेव, गोंधळी, कोळी असे सगळे एका कार्यक्रमात बसवले आणि लोकांनी ते डोक्यावर घेतले. पण ती काटछाट जाणत्या कलावंताने तालमीत बसून केलेली होती. निवेदकाच्या मनगटावरच्या घड्याळाने केलेली नव्हती.

ध्वनिक्षेपकाबद्दल एकच सांगतो. सकाळी लिंबाखाली मला तुणतुण्याची तार स्वच्छ ऐकू येत होती. रात्री मंचासमोर तिसऱ्या रांगेत बसून ती एकदाही ऐकू आली नाही.

अठरा पार्ट्या बोलावण्यापेक्षा आठ बोलवा, पण प्रत्येकीला पाऊण तास द्या. सत्कार दुपारी उरका. संबळावर कोण, तुणतुण्यावर कोण, मागे सूर धरणारा झीलकरी कोण, ही नावं माइकवरून सांगा. सात माणसं जीप करून येतात आणि नाव पुकारलं जातं एकाचं. आणि पुढच्या वर्षीच्या पत्रिकेत कलावंतांच्या नावापुढे मिनिटं छापणारच असाल, तर पाहुण्यांच्या नावापुढेही छापा.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, बार्शी