पाचव्या गाण्यानंतर थांबू नको

आर्वी तालुका, जि. वर्धा

प्रिय दोस्ता,

सप्रेम नमस्कार. त्या दिवशी फोनवर तू एमजीएमटी या अमेरिकन बँडबद्दल म्हणालास, "त्यांची ती तीन गाणी मला पाठ आहेत, बाकी अल्बममध्ये काय ठेवलंय?" मी बोलणार तोच रेंज गेली. म्हणून लिहायला बसलो.

सध्या हरभऱ्यात रानडुकरं उतरतात, त्यामुळे रात्रीची जागल असते. मचाणीवर तोच अल्बम, ‘ओरॅक्युलर स्पेक्टॅक्युलर’, लावतो. एका कानात गाणं, दुसरा कान वावराकडे. अँड्र्यू व्हॅनविनगार्डन आणि बेन गोल्डवासर हे बँडमधले दोघं अमेरिकेतल्या कनेक्टिकटच्या वेस्लियन विद्यापीठात भेटले, तिथंच गाणी करू लागले. हा त्यांचा पहिला अल्बम. २००७च्या ऑक्टोबरात इंटरनेटवर आला, २००८च्या जानेवारीत सीडीवर.

पहिलं गाणं, ‘टाइम टू प्रिटेंड’, त्याआधीच २००५च्या त्यांच्या छोट्या रेकॉर्डवर होतं. हे लक्षात ठेवून ऐक. मोठ्या कंपनीचा करार अजून व्हायचा होता, तरी ही पोरं आपली प्रसिद्धी, पैसा, नशा आणि त्यातच होणारा शेवट आधीच गाऊन बसली होती. आणि मग आठवणी निघतात: खेळायचं मैदान, जनावरं, माती उकरून काढलेली गांडुळं, आई, बहीण, कुत्रा. गाव सोडून जाणाऱ्याचं गाणं म्हणशील तू. पण मी तर कुठं गेलो नाही रे, मलाही ते तितकंच लागतं. तू पुण्याला गेलास आणि नाल्यावरचे आपले खेळ संपले, ते इथं राहिलेल्याचेही संपलेच ना?

कॉलेजात त्यांनी एक प्रार्थनाकीटक पाळला होता, तो द क्लॅश या बँडच्या गाण्यांवर नाचायचा, त्यावरून हे गाणं सुचलं असं ते सांगतात. आपल्या पऱ्हाटीवर किडी खात बसलेला असतो, तोच. आता दिसला की मी थांबून बघतो.

‘इलेक्ट्रिक फील’ तू ऐकलंयस, पण मात्रा मोजल्यास का? भजनात खंजिरी धरायचास, तुला सांगायला नको. नेहमीच्या पॉपसारखं ते चार-चारवर चालत नाही, सहावर फिरतं. दादऱ्याच्याही सहाच मात्रा, पण इथलं वजन वेगळं पडतं, म्हणून पाय थोडा अडखळतो आणि मग सोडवत नाही. ‘किड्स’बद्दल काय लिहू, ती कीबोर्डची धून तर तू झोपेतही गुणगुणशील.

इथंच पाच गाणी होतात आणि इथंच तू बंद करतोस. पुढची पाच माझ्या मते अल्बमचं काळीज आहेत. सहाव्यात ढोल असा धावत सुटतो की मी दुसराही इअरफोन घालतो, मग रोही आले तरी येऊ देत. लगेच मागून ‘पीसेस ऑफ व्हॉट’ येतं, साधी गिटार आणि उघडा आवाज. आठव्याच्या शेवटी शब्द संपतात आणि वाद्यं कितीतरी वेळ नुसती वाहत राहतात. निर्माता डेव्ह फ्रिडमन, न्यूयॉर्क राज्यातल्या कॅसाडागा गावातला त्याचा स्टुडिओ. ड्रम्सचा आवाज तो मुद्दाम फाटू देतो, स्वच्छ करत नाही. काहींना ती खरखर खुपते. मला तिच्यातच त्या दोघांचं वय ऐकू येतं.

२०१०च्या दुसऱ्या अल्बममध्ये त्यांनी ‘किड्स’सारखं गाणं पुन्हा केलं नाही. लोक चिडले. मी म्हणतो, पहिल्या अल्बमचा हा उत्तरार्ध ज्यांनी मन लावून ऐकला होता, त्यांना त्यात नवल वाटायचं कारण नव्हतं.

तेव्हा लेका, ऑफिसच्या बसमध्ये तुकड्या-तुकड्यानं नको. एका रात्री दिवा मालवून दहाही गाणी क्रमानं ऐक. संक्रांतीला येशील तेव्हा जागलीला सोबत चल. आणि त्याआधी एवढं लिहून पाठव: ‘द हँडशेक’ तुला करार करणाऱ्याचं गाणं वाटतं की करारातून सुटू पाहणाऱ्याचं? माझं मत आल्यावर सांगतो, आधी तुझं कळव.

काकूंना नमस्कार.

तुझाच,
जागलीवरचा दोस्त