मार्करची टीप स्कॅनरमध्ये अडकली

संपादक साहेब, स.न.वि.वि.

मी मुलुंडला राहतो, गेली अठरा-वीस वर्षं आठवड्यातून दोनदा तरी स्नूकर खेळतो. आपल्या मुंबईत मायकेल फरेरांसारखा बिलियर्ड्सचा वर्ल्ड चॅम्पियन झाला, त्याआधी १९५८ला विल्सन जोन्स कलकत्त्यात तेच विजेतेपद जिंकले, हे सगळं आपण अभिमानाने सांगतो, पण टेबलापाशी उभं राहून पॉइंट मोजणाऱ्या, टेबल सांभाळणाऱ्या माणसाबद्दल, म्हणजे मार्करबद्दल, कोणी चार ओळी लिहिल्याचं मला तरी आठवत नाही, म्हणून हे पत्र.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. टेबल बारा फूट बाय सहा फूट. रेड, म्हणजे लाल बॉल, संपेपर्यंत प्रत्येक दुसरा रंगीत बॉल पॉकेटमधून काढून परत त्याच्या जागेवर ठेवायचा, पॉइंट मोजायचे, फाउल द्यायचा, लांबच्या शॉटला क्यू टेकवायची रेस्ट हातात आणून द्यायची, नवीन फ्रेम, म्हणजे नवा डाव, लावायची, रात्री कापडाला ब्रश मारायचा. हे सगळं एकच माणूस करतो, आणि बसायला स्टूलही बऱ्याच ठिकाणी नसतं.

पूर्वी खेळ संपला की टेबलाचे पैसे रोख द्यायचो आणि सुट्टे उरतील ते मार्करच्या हातावर. आता सगळे काउंटरवरचा स्कॅनर मारतात, पैसे सरळ पार्लरच्या मालकाच्या खात्यात, आणि खिशात रोख नसतेच. कोणी मुद्दाम टाळतं असं नाही, पण मार्करचा हात रिकामा राहतो हे खरं. गेल्या महिन्यात माझ्यासमोर चार मुलं तीन तास खेळली, कापडावर कोल्ड्रिंक सांडलं, बिल स्कॅन केलं आणि गेली. ज्यांना आम्ही सगळे मामा म्हणतो ते साठीकडे आलेले मार्कर ओला फडका घेऊन डाग टिपत होते, वर मालकाचं ऐकून घेत होते. मला फार वाईट वाटलं.

बिलातच टीप लावा असं मी म्हणत नाही. हॉटेलांनी सर्व्हिस चार्ज परस्पर लावू नये असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२लाच सांगितलंय ते बरोबरच आहे, आणि बिलातले पैसे गल्ल्यातच जाणार. टीप हातातच द्यायची. दोन-तीन तास खेळलात तर माणशी वीस-तीस रुपये, त्यात कोणाचं काही जात नाही. क्यूची, म्हणजे खेळायच्या काठीची, टोकाची टीप बदलून दिली किंवा शॉट शिकवला तर त्याचे वेगळे, ते काम आहे, मेहेरबानी नाही. आणि द्यायचे ते शेवटची फ्रेम झाल्यावर, मध्ये नाही, कारण फाउल मार्करच देतो आणि समोरच्याला उगाच शंका येते. हरलेला टेबल भरतो हा रिवाज आहेच, तर मग मार्करचे जिंकलेल्याने द्यावेत असं आम्ही आमच्या ग्रुपमध्ये ठरवलंय.

जिमखान्यांची गोष्ट वेगळी, तिथे बहुतेक ठिकाणी टीप द्यायला मनाईच असते आणि दिवाळीला स्टाफ फंड काढतात, तेव्हा तिथल्या मेंबरांनी त्या फंडात हात आखडता घेऊ नये.

पार्लरच्या मालकांना एकच विनंती आहे, प्रत्येक टेबलाजवळ त्या मार्करच्या स्वतःच्या खात्याचा स्कॅनर लावू द्या. आमच्या पार्लरच्या मालकाला मी हे दोनदा बोललोय, ते बघू म्हणालेत. तोपर्यंत मी घरातून निघताना वीसच्या दोन-तीन नोटा आठवणीने खिशात ठेवतो.

एक वाचक, मुलुंड