सासू-सून नव्हे, पद्मनाथ

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

कालच्या रविवार पुरवणीतला आमच्या ग्वाल्हेरच्या किल्ल्यावरचा, तिथल्या 'सासबहू' देवळांबद्दलचा लेख वाचला. फोटो सुरेख आहेत, विशेषतः मंडपातल्या खांबांचे. पण मथळ्यापासून शेवटच्या ओळीपर्यंत नुसती सासू आणि सून! राणी विष्णूची भक्त, सून शिवाची, म्हणून राजाने दोघींना दोन देवळं बांधून दिली, हे आपण इतिहास म्हणून छापलंत. कालपासून मला चैन नाही, म्हणून लिहिते आहे.

गेल्या दिवाळीत मुलगा, सूनबाई आणि दहा वर्षांचा नातू पुण्याहून इथे आले होते. लग्नाला बारा वर्षं झाली तरी सूनबाईने किल्ला पाहिला नव्हता. दर खेपेला कुणाचं आजारपण, नाहीतर कुणाचं कार्य. या वेळी ठरवून सगळे गेलो. हत्ती पोळ दरवाज्याकडची चढण आता माझ्या गुडघ्यांना झेपत नाही, म्हणून उरवाई दरवाज्याने गाडी वर नेली.

देवळापाशी एक गाइड मागे लागला आणि मुलाने त्याला बरोबर घेतलं. त्याने मला मोठ्या देवळासमोर उभं केलं, सूनबाईला पलीकडच्या धाकट्या देवळाच्या पायरीशी नेलं आणि म्हणाला, "सास इधर, बहू उधर. अब फोटो लीजिए." आजूबाजूचे चार लोक हसले. सूनबाईही हसली, पण परतताना गाडीत गप्प गप्प होती. तिची आई जाऊन तेव्हा चार महिनेही झाले नव्हते. आई नसल्याने माहेरची दिवाळी पहिल्यांदाच चुकली म्हणून ती माझ्याकडे आली होती. आम्हा दोघींना असं समोरासमोर उभं केलं ते मला फार लागलं.

तेवढ्यात नातू मंडपाच्या दारातल्या शिलालेखापुढे थांबला. बारीक, रेखीव अक्षरं, ओळींमागून ओळी. त्याने विचारलं, "यात काय लिहिलंय?" गाइड म्हणाला, "कुछ नहीं बेटा, पुरानी संस्कृत है."

अहो, त्या "कुछ नहीं"मध्येच सगळं आहे! माझे वडील आम्हा भावंडांना शहराच्या लष्कर भागातून पायी किल्ल्यावर न्यायचे. त्याच दगडापुढे उभं करून त्यांनी आम्हाला सांगितलं होतं, ते मी तिथेच नातवाला सांगितलं. लेख विक्रम संवत ११५० चा, म्हणजे इसवी सन १०९३ चा. राजे कच्छपघात घराण्याचे. पद्मपालाने हे विष्णूचं देऊळ बांधायला घेतलं, पण तो तरुणपणीच गेला, मागे मुलगा नाही. त्याच्यामागून गादीवर आलेल्या महीपालाने ते पुरं केलं. देवाचं नाव पद्मनाथ. काव्य रचलं मणिकंठाने आणि ते लिहून काढलं यशोदेव नावाच्या दिगंबर जैनाने. विष्णूच्या देवळाची प्रशस्ती एका जैन विद्वानाच्या हातची! उरवाईच्या वाटेवर कड्यात कोरलेल्या जैन मूर्ती नातवाने तासाभरापूर्वीच पाहिल्या होत्या. त्या पुष्कळ नंतरच्या, पंधराव्या शतकातल्या, पण त्याने लगेच ते जोडलं.

त्या लेखात ना सासू आहे, ना सून. एकाचं अर्धं राहिलेलं काम दुसऱ्याने तडीस नेलं, अशी ती हकिगत आहे. सहस्रबाहू, म्हणजे हजार हातांचा विष्णू, याचं सासबहू झालं असं सांगतात. उदयपूरजवळच्या नागद्यालाही सासबहूची देवळं आहेत, तिथेही हीच गोष्ट ऐकवतात. मग दोन्हीकडच्या राण्यांची आपापल्या सुनांशी सारखीच भांडणं झाली म्हणायची का? शिखर पडलं, गाभारा गेला, आज उरला आहे तो तीन मजली मंडप. एवढी पडझड होऊनही देवळाने स्वतःचं नाव दगडावर सांभाळून ठेवलं, आणि आपण ते वाचायचं सोडून दुसरंच सांगत बसलो आहोत.

याच किल्ल्यावरच्या चतुर्भुज मंदिराला आपल्या लेखात एक वाक्य मिळालं, आणि तेही चुकीचं. "जगातलं सर्वांत जुनं शून्य" तिथे नाही. कंबोडियातल्या इसवी सन ६८३ च्या लेखात त्याहून जुनं आहे. इथला लेख संवत ९३३ चा, म्हणजे ८७६ चा. पण त्यात किती सुंदर मजकूर आहे! देवासाठी २७० हात लांब आणि १८७ हात रुंद फुलबाग, आणि रोज ५० माळा. आजच्यासारखं वाटोळं शून्य त्या २७० मध्ये आणि ५० मध्ये आहे. फुलांचा हिशेब लिहिताना आलेलं शून्य! ते देऊळ हत्ती पोळच्या चढणीवर, एकाच खडकातून कोरलेलं. गाडीने येणाऱ्याला दिसत नाही. दुसऱ्या दिवशी मुलगा आणि नातू पायी गेले, तर दाराला कुलूप. उघडणारं कुणी भेटलं नाही. पोर जाळीला नाक लावून परत आलं.

आपला पेपर पुण्यातही जातो. काल संध्याकाळी नातवाचा फोन आला, "आजी, पेपरात तर सासू-सूनच लिहिलंय. तू सांगितलंस ते खोटं का गं?" वर्गात त्याने पद्मनाथाबद्दल सांगितलं होतं. आता मुलं त्याला खोटं पाडतील म्हणून तो रडवेला झाला होता. त्याची समजूत मी काढेन, पण छापील अक्षरापुढे आजीचा शब्द किती टिकणार? पुढच्या रविवारी खुलासा छापा, आणि जमलं तर त्या शिलालेखाचा फोटो मोठा छापा.

आणखी एक. लेखात सगळीकडे "ग्वालियर" आणि "सिंधिया" आहे. हिंदी पेपरात ते ठीक आहे. पण मराठी पेपरात महादजी सिंधिया? आम्ही पिढ्यान् पिढ्या इथे राहून ग्वाल्हेर आणि शिंदेच म्हणतो. पुण्यामुंबईच्या मराठीत ते शब्द राहिले नसतील, तर आमच्याकडून घ्या.

आपली,
एक वाचक, लष्कर, ग्वाल्हेर