‘सरासरी’ कोणत्या वर्षांची, तेही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा संपत आला की आपल्या अंकात ‘यंदा सरासरीच्या इतके टक्के पाऊस’ ही बातमी ठरलेली. उन्हाळ्यात धरणाची, ‘उजनी गेल्या वर्षीपेक्षा बरी’ ही दुसरी. आकड्यांबद्दल माझी तक्रार नाही. आकडा कशाशी ताडून पाहिला, हे बातमीत नसते, एवढीच आहे.

देशाच्या नैऋत्य मोसमी पावसाची दीर्घकालीन सरासरी 1951 ते 2000 या वर्षांवरून काढली होती, तेव्हा ती 89 सेंटिमीटर होती. पुढे 1961 ते 2010 ही वर्षे घेतली, ती 88 झाली. 2022 पासून 1971 ते 2020 ची वापरतात, ती 87 आहे. समजा एखाद्या साली 84 सेंटिमीटर पाऊस झाला. पहिल्या मापाने तो 94 टक्के, म्हणजे सरासरीपेक्षा कमी. आताच्या मापाने तोच पाऊस साडेशहाण्णव टक्के भरतो आणि 96 च्या वर असल्यामुळे ‘सामान्य’ ठरतो. पाणी तेवढेच पडले, मथळा मात्र बदलला. हवामान विभागाने लबाडी केली असे मला मुळीच म्हणायचे नाही. ठरावीक वर्षांनी सरासरी नव्याने काढायची ही जगभरची रीत आहे. शिवाय पावसाचे ओले-कोरडे कालखंड आलटून पालटून येतात आणि ही घट त्यातलीच, असे विभागाचे म्हणणे आहे. पेरणीचा अंदाज बांधणाऱ्याला अलीकडच्या वर्षांचीच सरासरी कामाची. पण मोजपट्टी सरकली आहे, हे वाचणाऱ्याला कळायला नको का?

उन्हाच्या बाबतीत तर आम्हा सोलापूरकरांना हे जास्तच लागू पडते. सपाट प्रदेशात पारा 40 च्या पुढे आणि सामान्य तापमानापेक्षा निदान साडेचार अंश वर गेला की उष्णतेची लाट धरतात. (45 झाले तर मात्र सामान्य किती होते हे न पाहता लाटच.) मग ते ‘सामान्य’च अर्ध्या अंशाने वर सरकले, तर लाट जाहीर व्हायला आपल्याला तेवढे जास्त भाजून निघावे लागणार. तसेही 43 चा दिवस इथे कुणी मनावर घेत नाही.

उजनीचे काय झाले पाहा. धरण 117 टीएमसीचे, त्यातला जवळपास 64 टीएमसी मृत साठा. तो धरायचाच नाही, हा मूळ हिशेब. आता ‘उजनी मायनसमध्ये गेली’, म्हणजे पाणी मृत साठ्यात उतरले, हे वाक्य आम्ही चहाचा घोट घेत बोलतो. 2024 च्या उन्हाळ्यात साठा उणे 50 टक्क्यांच्याही खाली होता. अशा वर्षानंतर कधी तो उणे 20 वर थांबला, तर ‘गेल्या वर्षीपेक्षा बरी’ हा मथळा अक्षरशः खरा असेल. तो वाचून निर्धास्त होणाऱ्यांत मीही असेन.

मत्स्यशास्त्रज्ञ डॅनियल पॉली यांनी 1995 मध्ये नेमके यावर बोट ठेवले होते. मासळीचा अभ्यास करणाऱ्यांची प्रत्येक पिढी आपण कामाला लागलो तेव्हाची मासळी हीच मूळ धरते आणि पुढची घट तिथून मोजते. आधी काय गेले, ते हिशेबातच येत नाही. त्याआधी तीनच वर्षे, 1992 मध्ये, कॅनडाला न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावरची कॉड मासेमारी बंद करावी लागली होती. मासेमारी थांबवली की मासे परत येतील ही अपेक्षा होती. इतकी वर्षे गेली, पण पूर्वीची विपुलता परतलेली नाही.

इथेच कडेलोटाचा प्रश्न येतो. घसरण एका मर्यादेपलीकडे गेली की परतीची वाट आलेल्या वाटेने जात नाही. उथळ तलावांत हे चांगले अभ्यासले गेले आहे. सांडपाण्यातून फॉस्फरस येतो, शेवाळ वाढते, उजेड तळाशी पोहोचत नाही आणि तळाच्या वनस्पती मरतात. त्या गेल्या की गाळ मोकळा होतो, गाळातला फॉस्फरस पुन्हा पाण्यात मिसळतो, पाणी आणखी हिरवे होते. मग सांडपाणी नुसते पूर्वीइतके कमी करून भागत नाही. तलाव बिघडला तेव्हा ते जेवढे होते, त्याच्याही पुष्कळ खाली आणावे लागते. आपल्या शहरातल्या कंबर तलावातली जलपर्णी काढल्याचे फोटो आपण छापता, जरूर छापा. पण जलपर्णी ज्याच्यावर पोसते ते पाण्यातच असते, हेही त्या फोटोखाली यायला हवे.

सोलापूरजवळच्या नान्नजची गोष्ट मला सर्वांत जास्त खटकते. 1979 मध्ये माळढोक पक्ष्यासाठी अभयारण्य जाहीर झाले. कागदावर ते साडेआठ हजार चौरस किलोमीटरच्या आसपास होते, पुढे सुमारे 1,222 वर आले. आज शाळांच्या सहली तिथे जातात आणि मुले काळवीट पाहून खूश होऊन परततात. त्यांच्या लेखी ते काळविटांचेच अभयारण्य. त्यांचा दोष काय? माळढोक त्यांनी पाटीवरच पाहिला. हा पक्षी वर्षाला बहुधा एकच अंडे घालतो. संख्या एकदा हातावर मोजण्याइतकी झाली की नुसते कुंपण घालून ती सावरत नाही. देशभरात मोकळ्या रानात आता जेमतेम दीडशेच्या आसपास उरले आहेत, आणि राजस्थानात अंडी उबवून पिल्ले वाढवावी लागत आहेत. आपण मात्र माळाला पडीक म्हणत राहिलो, आणि पडीक म्हटले की तिथे झाडे लावायला किंवा प्लॉट पाडायला कुणाची हरकत नसते.

हवामानाच्या जागतिक चर्चेत निदान एक शहाणपण टिकले आहे. पृथ्वीच्या सरासरी तापमानातली दीड अंशाची वाढ मोजतात ती 1850 ते 1900 या काळाच्या तुलनेत, आणि तो काळ दर दहा वर्षांनी पुढे सरकवत नाहीत. म्हणूनच 2024 हे वर्ष त्या रेषेच्या वर गेले, हे सांगता आले. एका वर्षाने मर्यादा ओलांडली असे होत नाही, त्यासाठी अनेक वर्षांची सरासरी धरतात. पण वाढ दीड अंशावर टिकली तर ग्रीनलंडचे हिमस्तर आणि उष्ण समुद्रांतली प्रवाळे कडेलोटाच्या टप्प्यात येऊ शकतात, असे 2022 मधल्या एका मोठ्या अभ्यासात मांडले आहे.

तेव्हा विनंती एवढीच. पावसाच्या बातमीत सरासरी कोणत्या वर्षांची, ते कंसात द्यावे. जुन्या सरासरीने किती टक्के होतात, तेही शेजारी. सोलापुरात कोरडवाहू शेती संशोधन केंद्र 1933 पासून आहे, तिथल्या जुन्या नोंदी मिळवता येतील का ते आपल्या वार्ताहरांनी पाहावे. उजनीच्या काठावर आता जाळ्यात मुख्यतः चिलापीच येते. धरण भरू लागले तेव्हा काय मिळायचे, हे सांगणारे म्हातारे मच्छीमार अजून आहेत, त्यांच्याकडे कुणाला तरी पाठवा. आणि उजनीचा साठा टक्क्यांबरोबर टीएमसीतही देऊन, ‘गेल्या वर्षी याच दिवशी’च्या खाली ‘वीस वर्षांपूर्वी याच दिवशी’ अशी एक ओळ वाढवा. जागा कमी पडत असेल तर राशिभविष्यातल्या दोन राशी एखाद्या दिवशी वगळल्या तरी चालेल, निदान माझी.

आपला,
एक नियमित वाचक
होटगी रस्ता, सोलापूर