मॅडम, त्या रात्री आपण माझी फिर्याद लिहून घेतलीत

आदरणीय मॅडम,

सप्रेम नमस्कार.

आपले नाव कोठेही लिहू नये असे आपणच मला बजावले होते, म्हणून ते या पत्रात नाही आणि आपल्या पोलीस ठाण्याचेही नाही. तरीही आभाराचे चार शब्द बंद लिफाफ्यात न धाडता असे उघडपणे लिहीत आहे, कारण त्या रात्री आपण मला जे समजावून सांगितलेत ते ठाऊक नसल्यामुळेच मी सात महिने एका माणसाचा जाच मुकाट्याने सोसत होते, आणि आजही कितीतरी मुली तसाच तो सोसत असतील.

२०२५ च्या ऑगस्टमधली ती रात्र होती. पावसात भिजलेली मी आणि माझी आई साडेनऊच्या सुमारास आपल्या टेबलासमोर येऊन बसलो. त्याच दुपारी आम्ही दुसऱ्या एका पोलीस ठाण्यात जाऊन आलो होतो. "त्याला ब्लॉक करा, तुमचे खाते बंद करा, आणि तो राहतो दुसऱ्या जिल्ह्यात, तेव्हा तिकडे जाऊन अर्ज द्या," एवढे ऐकून आम्ही तिथून परतलो होतो. घरी, कार्यालयात, मैत्रिणींमध्ये मला तोवर एकच प्रश्न विचारला गेला होता, की त्याला नंबर दिलासच कशाला. आपण तो विचारला नाहीत. आपण विचारलेत, "तुम्ही त्याला नको म्हणून कळवलंय का, आणि कळवलं असेल तर ते कुठे लिहिलेलं आहे?"

मी जानेवारीतला संदेश शोधून दाखवला. 'यापुढे मला कोणत्याही मार्गाने संपर्क करू नका' असे एक वाक्य मी लिहिले होते, आणि त्यानंतर पहिल्या महिनाभरातच त्याने चार वेगवेगळ्या खात्यांवरून मला लिहिले होते. ते वाक्य पाहून आपण मान हलवलीत आणि भारतीय न्याय संहितेचे कलम ७८ मला सोप्या शब्दांत सांगितलेत. स्त्रीने स्पष्ट नकार दिल्यानंतरही जो पुरुष जवळीक साधण्यासाठी तिच्याशी पुन्हा पुन्हा संपर्क करतो किंवा तसा प्रयत्न करतो, तो पाठलागाचा गुन्हा करतो. आणि इंटरनेट, ईमेल किंवा इतर कोणत्याही इलेक्ट्रॉनिक माध्यमाचा ती जो वापर करते त्यावर जो पाळत ठेवतो, तोही तोच गुन्हा करतो. पाळतीसाठी आधी नकार दिलेला असावा अशी अटसुद्धा नाही. हा गुन्हा दिल्लीच्या घटनेनंतर नेमलेल्या न्यायमूर्ती वर्मा समितीच्या अहवालानंतर, २०१३ मध्ये, ३५४ड या कलमाने जुन्या दंड संहितेत आला आणि १ जुलै २०२४ पासून नव्या संहितेत ७८ व्या कलमात आहे. ज्या गोष्टीला मी इतके दिवस 'त्रास' म्हणत होते तिला कायद्यात नाव आहे, शिक्षा आहे, आणि तो दखलपात्र गुन्हा आहे, म्हणजे न्यायालयाच्या आदेशाची वाट न पाहता पोलीस त्याचा तपास सुरू करू शकतात, हे मला त्या टेबलाशी बसून प्रथमच कळले.

मॅडम, त्यानंतरची पाच मिनिटे मी विसरणार नाही. "तुम्ही कधी निघता, कोणाशी बोलता हे त्याला कसं कळतं?" असे विचारून आपण मला व्हॉट्सअॅपमधील 'लिंक्ड डिव्हायसेस' उघडायला लावलेत. तिथे माझ्या कार्यालयातल्या संगणकाखाली आणखी एका ब्राउझरची नोंद होती, जो माझा नव्हता. आठ दिवसांच्या प्रशिक्षणवर्गात 'एक फोन करायचा आहे' म्हणून त्याने माझा मोबाइल मागून घेतला होता, ते मला तत्क्षणी आठवले, आणि माझा अंगठा 'लॉग आउट'कडे गेला. आपण माझे मनगट धरलेत. "थांबा. आधी फोटो." आईच्या मोबाइलवर त्या पडद्याचा फोटो आपण काढून घेतलात, भिंतीवरचे घड्याळ आणि माझ्या फोनवरची तारीख दिसेल असा, आणि मगच मला ते उपकरण काढून टाकू दिलेत. माझ्या बोटांतील थरथर आपल्याला नक्कीच जाणवली असेल. आपण त्याविषयी काहीही बोलला नाहीत, पाण्याचा पेला मात्र माझ्याकडे सरकवलात.

पुरावा कसा जपायचा हे मला कोणीच सांगितले नव्हते. रागाच्या भरात मी पहिल्या तीन महिन्यांतले बहुतेक संदेश पुसून टाकले होते. आपण त्याबद्दल मला दोष दिला नाहीत. उरलेले कसे ठेवायचे तेवढे सांगितलेत. स्क्रीनशॉट कापायचे नाहीत, वरची तारीख, वेळ आणि खात्याचे नाव दिसले पाहिजे. दिसणारे नाव कधीही बदलता येते म्हणून प्रोफाइलचा पूर्ण दुवा उतरवून ठेवायचा. संदेश आलेला मूळ मोबाइल विकायचा नाही, फॉरमॅट करायचा नाही, कारण छापील प्रती न्यायालयात द्यायच्या तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावे लागते आणि संदेश ज्या उपकरणात आले ते दाखवता आले पाहिजे. आणि एकदा नकार कळवला की त्याला पुन्हा उत्तर द्यायचे नाही, शिवीसुद्धा नाही. आपण ड्रॉवरमधून एक शंभर पानी वही काढून त्यात चार रकाने आखून दिलेत: तारीख, वेळ, कोणत्या खात्यावरून, काय. ती वही आज माझ्यासमोर आहे आणि तिची एकसष्ट पाने भरली आहेत.

दुपारी आम्हाला ज्या कारणाने परत पाठवले होते, ते आपण दोन वाक्यांत निकालात काढलेत. गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असो, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे तो कोणत्याही पोलीस ठाण्यात नोंदवता येतो. यालाच झिरो एफआयआर म्हणतात, आणि पुढे तो योग्य त्या ठाण्याकडे वर्ग होतो. त्याच कलमानुसार पाठलागासारख्या गुन्ह्यात स्त्रीची फिर्याद महिला पोलीस अधिकाऱ्याने किंवा इतर कोणत्याही महिला अधिकाऱ्यानेच नोंदवावी लागते. ऑनलाइन माहिती दिली तर तीन दिवसांच्या आत ठाण्यात जाऊन सही करावी लागते. फिर्यादीची प्रत मोफत मिळते, आणि ती मागितल्याशिवाय ठाण्यातून उठायचे नाही, हे आपण मला दोनदा सांगितलेत. ठाण्याने गुन्हा नोंदवून घेतलाच नाही तर लेखी तक्रार टपालाने पोलीस अधीक्षकांकडे पाठवावी, आणि तिथेही दाद लागली नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा. अर्ज, अदखलपात्र नोंद आणि गुन्हा या तिन्हींतला फरक जिला माहीत नाही ती स्त्री एक कागद हातात घेऊन समाधानाने घरी जाते आणि तपास मात्र सुरूच होत नाही. मी तर दुपारी तेवढ्या कागदाशिवायच परतले होते.

मग कलमांचा विषय निघाला. त्याने माझ्या नावाने आणि माझ्या छायाचित्रासह एक खोटे खाते उघडले होते आणि त्यावर एक बनावट अश्लील छायाचित्र टाकले होते. त्यामुळे पाठलागासोबत माहिती तंत्रज्ञान कायद्याची कलमे लागली: ओळखीच्या चोरीसाठी ६६क (इंग्रजीत 66C), ज्यात तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे, आणि अश्लील मजकूर प्रसारित केल्याबद्दल ६७, ज्यात पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड, तर पुन्हा दोषी ठरल्यास पाच वर्षे आणि दहा लाख. परवानगीवाचून माझ्या खात्यात शिरल्याबद्दल ४३ आणि ६६ ही कलमेही लागली. या कायद्याखालचा तपास निरीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यानेच करायचा असतो, म्हणून आपण त्याच रात्री साहेबांना फोन केलात.

एका बाबतीत मी आपली विशेष ऋणी आहे. आपण मला खोटी आशा दाखवली नाहीत. कलम ७८ खाली पहिल्या वेळी दोषी ठरल्यास तीन वर्षांपर्यंत कैद व दंड आणि दुसऱ्या किंवा त्यानंतरच्या वेळी पाच वर्षांपर्यंत कैद व दंड आहे, पण पहिला गुन्हा जामीनपात्र आहे, हे आपण आईसमोर स्पष्ट सांगितलेत. "त्याला जामीन मिळेल. तो मिळाला म्हणजे केस संपली असं समजून रडत बसू नका." पंधरा दिवसांनी तसेच झाले आणि शेजाऱ्यांनी 'सुटला की तो' म्हटले, तेव्हा आई त्यांना जामीन म्हणजे काय ते समजावून सांगत होती. माझ्या आईने आयुष्यात पोलीस ठाण्याची पायरी त्या दिवशी पहिल्यांदा चढली होती.

माझ्या मामेभावाने नंतर विचारले की हेच पुरुषाच्या बाबतीत घडले तर काय. कलम ७८ स्त्रीसाठीच आहे. पुरुषाला धमकी, बदनामी आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याची कलमे यांचाच आधार घ्यावा लागतो. ही उणीव आहे असे माझे मत आहे आणि ती भरून निघावी असे मला मनापासून वाटते.

ज्यांना रात्री-अपरात्री ठाण्यात जाणे शक्य नाही त्यांच्यासाठी आपण सांगितलेले आणखी थोडे इथे नोंदवते. केंद्र शासनाच्या सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या संकेतस्थळावर महिला व बालकांविरुद्धच्या गुन्ह्यांसाठी वेगळा विभाग आहे. तिथली तक्रार राज्याच्या पोलिसांकडे जाते आणि पोचक्रमांक मिळतो, परंतु ती आपोआप एफआयआर होत नाही, म्हणून तो क्रमांक घेऊन ठाण्यात पाठपुरावा करावाच लागतो. १९३० हा क्रमांक मुख्यतः पैशांच्या फसवणुकीसाठी आहे. जिवाला धोका वाटला तर ११२, आणि महिलांच्या मदतीसाठी १८१. खोट्या खात्याबद्दल त्या कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लगेच लिहावे, कारण नग्न किंवा बनावट छायाचित्रे आणि तोतया खाती ठरावीक तासांत हटवण्याचे बंधन २०२१ च्या नियमांनी त्यांच्यावर घातले आहे. मात्र हटवण्याआधी पुरावा जपून ठेवावा. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर स्त्रीला तिच्या उत्पन्नाचा विचार न करता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. माझा वकील मला तसाच मिळाला.

मॅडम, फिर्याद लिहून संपली तेव्हा रात्रीचा एक वाजून गेला होता. आपण ती मला पूर्ण वाचून दाखवलीत आणि 'त्रास देतो' असे जिथे लिहिले गेले होते तिथे मला थांबवून विचारलेत, "नेमकं काय करतो ते तुमच्या शब्दांत सांगा." मी सांगितले, आपण तो शब्द खोडून माझे शब्द लिहिलेत आणि खोडलेल्या जागी माझी छोटी सही घेतलीत. माझ्या तोंडून ते सारे आधी कोणीच काढून घेतले नव्हते. मग आपण बीट मार्शलच्या गाडीने आम्हा दोघींना घरापर्यंत सोडण्याची व्यवस्था केलीत.

दोषारोपपत्र दाखल झाले आहे आणि पुढची तारीख दिवाळीनंतरची आहे. आपली बदली झाल्याचे कळले, तरी आपलीही साक्ष होणार असे वकील म्हणतात. त्या दिवशी वही घेऊन आई आणि मी न्यायालयात येऊ. आपला पेन त्या रात्री चुकून माझ्याकडे राहिला होता, तोही सोबत आणते.

आपली कृतज्ञ,
त्या रात्रीची फिर्यादी