जलचक्राच्या चित्रात आपली विहीर आणणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

जलचक्रावरच्या आमच्या व्हिडिओंचे सगळे भाग आता मुलांच्या घरच्या मोबाइलवर पोचले. फोनवर आभार मानायला गेले, तर तुम्ही ‘राहू द्या मॅडम’ म्हणत संत्र्याच्या भावावर आलात. म्हणून हे उघड पत्र. यात तुम्हाला मधेच विषय बदलता येणार नाही.

पुस्तकातल्या चित्रात एकीकडे समुद्र असतो, दुसरीकडे बर्फाचा डोंगर. वरूड तालुक्यातल्या आमच्या बहुतेक मुलांनी यातलं काहीच पाहिलेलं नाही. भूजल सर्वेक्षणातली नोकरी संपवून बागेत रमलेले तुम्ही. आमची संहिता वाचलीत आणि एवढंच म्हणालात, “मुलताईपासून सुरू करा.” तिथून सगळं फिरलं. मुलताई मध्य प्रदेशात, पण आपल्यापासून जवळच. तापीचा उगम तिथला आणि वर्धेचाही त्याच भागातला. एका उतारावर पडलेला थेंब तापीतून अरबी समुद्राला जातो. दुसरीकडचा वर्धेत येतो आणि पुढे प्राणहिता, गोदावरी करत बंगालच्या उपसागराला मिळतो. नकाशावर बोट फिरवताना पोरं दोन्ही समुद्रांपर्यंत जाऊन आली.

पण खरं ऋण तुमच्या विहिरीचं आहे. भर उन्हात तुम्ही काठावर उभे राहून थर दाखवलेत: वर काळी माती, मग मुरूम, खाली काळा पाषाण. पाषाण पाणी पीत नाही. पाणी राहतं ते मुरमात आणि दगडाच्या भेगांत, म्हणून एकाची विहीर भरते आणि बांधापलीकडची कोरडी राहते. पुस्तकात जमिनीखाली एक बारीक बाण असतो, तेवढाच. आपल्याकडे मात्र हजार हजार फूट बोअर खोल जातात, त्यामुळे त्या बाणावरच मी सगळ्यात जास्त वेळ दिला. वाफ हवेत साधारण नऊ-दहा दिवस राहते. खोल भेगांतलं पाणी मात्र वर्षानुवर्षं तिथेच असतं. दोन्हींचा वेग सारखा नाही, हे सांगितलं नाही तर ‘चक्र आहे, येईल परत’ असं मुलांना वाटत राहतं. मोठ्यांनाही वाटतंच म्हणा.

एकरभर रानात इंचभर पाऊस म्हणजे सुमारे एक लाख लिटर पाणी, हा हिशेब मुलांनी तुमच्याकडून घेऊन घरी बापाला ऐकवला. बरेच बाप गप्प झाले असं कळलं.

डिसेंबरातला प्रयोगही तुमचाच. आंबिया बहारासाठी, म्हणजे हिवाळ्याअखेरच्या फुलोऱ्यासाठी, पाणी तोडून ताणावर सोडलेलं संत्र्याचं एक झाड, आणि मृगाची, म्हणजे पावसाळ्याच्या फुलोऱ्याची, फळं अंगावर असलेलं, पाणी चालू असलेलं दुसरं. दोन्हींच्या पानांवर प्लास्टिकच्या पिशव्या बांधल्या. दुपारी एका पिशवीत पाणी साचलेलं, दुसरीत जेमतेम दव. पानांतून पाणी उडतं हे मी फळ्यावर कितीतरी वर्षं लिहिलंय. त्या दिवशी मात्र मलाच पिशवी सोडवेना.

आणि तुमचा आवाज! मी शुद्ध भाषेत निवेदन करायला बसले होते. तुम्ही वऱ्हाडीत बोललात, “पानी कुठीच जात नाई बाप्पा, फक्त जागा बदलते.” तेवढा तुकडा पोरं पुन्हा पुन्हा लावतात. गावात नेटवर्क लहरी, म्हणून प्रत्येक भाग तीन मिनिटांच्या आत ठेवा, हेही तुम्हीच सुचवलंत. माझ्या पाल्हाळाला तो लगाम बरा पडला.

आता शेततळ्याचा भाग करायचा आहे. बोअरचं पाणी उपसून प्लास्टिकच्या तळ्यात उन्हाला ठेवायचं, यावर तुम्ही जे बोलता ते कॅमेऱ्यासमोर बोलाल का? गावात दोन-चार जण रागावतील, त्यांना मी बघते. तळ्याच्या काठी उभी पट्टी लावून पाणी रोज किती उतरतं ते मुलांनी मे महिन्यात मोजावं, असा विचार आहे. पट्टी कुठे रोवायची ते तुम्ही सांगा. चहा घरूनच घेऊन येते, काकूंना त्रास नको.

तुमची,
सहावी-सातवीच्या वर्गाची बाई