टर्बो बदलण्याआधी पाइप बघ

नाशिक

प्रिय दिन्या,

सप्रेम नमस्कार.

गाडी चढाला ओढत नाही, ॲक्सिलरेटर दाबला की बॉनेटखालून सूंऽऽ आवाज येतो आणि मागे काळा धूर सुटतो, हे तू सांगितल्यापासून माझ्या डोक्यात तेच चाललंय. टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) गेला म्हणून तुला मोठा खर्च सांगितलाय, पण आधी ती हवा इंजिनाकडे नेणारे रबरी होज पाइप बघ. दाबलेली हवा वाटेतच निसटली की डिझेल पडतं तेवढंच पडतं, जाळायला हवा पुरत नाही. धूर त्याचाच. (२०२० नंतरच्या, प्रदूषणाचे बीएस-६ नियम पाळणाऱ्या डिझेल गाडीत ही काजळी धुराच्या नळीवरच्या फिल्टरमध्ये अडकते, धूर फारसा दिसत नाही आणि फिल्टर मात्र भरत जातो. धाकट्याच्या गाडीकडे म्हणून लक्ष ठेव.)

इंजिन गार झालं की टर्बो ते इंटरकूलर (दाबलेली हवा गार करणारी जाळी) आणि इंटरकूलर ते इंजिन, असे दोन्ही पाइप खालच्या अंगाने चाचपून बघ. त्या हवेत ऑइलचा थोडा अंश असतोच, त्यामुळे चिरेपाशी बहुधा तेलकट ओल सापडते. पाइप वाकवलास की चीर तोंड उघडते.

टोकाला क्लिपपाशीच फाटला असेल आणि लांबी पुरत असेल, तर तेवढं टोक सरळ कापून पुन्हा बसव. मधे फाटला असेल तर साध्या चिकटपट्टीच्या नादी लागू नकोस. तेलकट रबर, वर उष्णता आणि आत एक-दीड बारचा दाब, यापुढे ती टिकत नाही. सिलिकॉनची, स्वतःलाच चिकटणारी टेप मिळते. पाइप स्वच्छ पुसून ती चांगली ताणून, निम्मी निम्मी चढवत गुंडाळ. त्याहून पक्कं काम म्हणजे पाइप चिरेवर कापायचा, आत त्याच मापाची धातूची नळी घालायची आणि दोन्हीकडे जुबली क्लिप (स्क्रूने आवळायच्या गोल पट्ट्या) आवळायच्या. आमच्या अंबडच्या शेडवर मी अशी ॲल्युमिनियमची नळी लेथवर काढून देईन. टोकांना जरा उंच कडा ठेवली की दाबाने पाइप निसटत नाही. प्लॅस्टिकची नळी घालू नकोस, टर्बोजवळ ती मऊ पडते.

एअर फिल्टर ते टर्बो या पाइपाला मात्र असले उपाय करूच नकोस. तिथे हवा आत ओढली जाते आणि टर्बोचं चाक मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेतं. टेपचा एक तुकडा जरी आत गेला तरी मग खरोखरच टर्बो बदलावा लागेल.

जोड दिलेल्या पाइपावर इंजिन २००० आरपीएमच्या (मिनिटाला फेऱ्यांच्या) आत ठेवून फक्त गॅरेजपर्यंत जा. वहिनी-पोरांना घेऊन त्यावर कसारा घाट चढायचा नाही. मागे ट्रकची रांग आणि ऐन चढात गाडीचा दम गेलेला, हे मला नको आहे.

पाइपाचा फोटो, आतलं माप आणि चेसिस नंबर पाठव, नवा पाइप मी इथे बघून ठेवतो. रविवारी गाडी घरीच ठेवून सगळे कसारा लोकलने या. स्टेशनवर न्यायला मी येतो.

तुझा,
बंडू